भाड्यातून हप्ता निघेल ना, मॅडम?

राहतं घर आहे, हाताशी थोडे पैसे आहेत, मग कमी डाऊन पेमेंटवर दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर? हे माझ्याकडे सतत विचारलं जातं. विचारायला येणारे नवरा-बायको बहुतेक वेळा भांडूनच आलेले असतात.

बोरिवलीचं एक जोडपं असंच आलं. ८० लाखांचा वन बीएचके त्याने हेरून ठेवला होता. जवळ ७ लाख. डाऊन पेमेंटच्या उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन आणि तिचे दागिने. "ही प्रत्येक गोष्टीत खोडा घालते," तो म्हणाला. ती म्हणाली, "मी आकडे विचारले की याचा आवाज चढतो."

मी कोरा कागद पुढे केला. लिहायचं त्याने, वाचायचं तिने. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे १६ लाख आपले. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार, नोंदणीचे ३० हजार, तेही खिशातूनच. ६४ लाखांवर साडेआठ टक्के धरले तर वीस वर्षांसाठी हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. त्याच इमारतीतलं भाडं २२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा.

"महिन्याला ३३ हजार कमी," तिने वाचलं.

तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, "आम्ही दर अकरा महिन्यांनी खोली बदलायचो. घरमालक आला की बाबा उभेच राहायचे. आपल्याच खोलीत बसायचे नाहीत."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला होता.

पैशाच्या भांडणात मी नेहमी अशी जुनी गोष्ट शोधते, आणि ती बहुधा सापडतेच. त्याला मालक व्हायचं होतं. राहत्या घराने तो कधीच मालक झाला होता, मनाला ते पटायचं राहिलं होतं. हे बोलून झाल्यावर हिशोब दोघांनी शांतपणे केला.

माझं सांगणं स्पष्ट असतं. डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढू नका, दोन कर्जांचे हप्ते एकदमच सुरू होतात. भाडेकरू बदलताना फ्लॅट रिकामा राहतो, त्यासाठी सहा हप्ते बाजूला हवेत. आणि घेण्याआधी वर्षभर भाडं-हप्त्यातला फरक रिकरिंगमध्ये टाकून बघा. झेपलं तर डाऊन पेमेंटही वाढलेलं असेल.

त्यांनी रिकरिंग उघडलं. मुलाच्या शाळेची फी भरायच्या महिन्यात ते चुकलं. त्याने स्वतःहून फोन केला: "मॅडम, अजून थांबतोय. दागिने लॉकरमध्येच आहेत."