आधी बॅकअप, मग मेल

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या दुधाळी-शाहूपुरी भागातल्या रि. स. नंबरांवर (जमिनीच्या सर्व्हे नंबरांवर) पंचगंगेची पूररेषा दाखवणारं तुझं पान आहे, आणि "साहेबांचा फोन आलाय" म्हणून होस्टिंगवाला (तुझी साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे ती कंपनी) ते उतरवायला सांगतोय.

भावा, घाई नको. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. जलसंपदा खात्याची ही रेषा लोकांना दाखवणं गुन्हा नव्हे. फोन होतो तो एवढ्याचसाठी की कागद झाला तर कोर्टात टिकवावा लागतो. शिकागोकडच्या शेरीफ टॉम डार्टनी बॅकपेज या जाहिरातींच्या साइटशी व्यवहार तोडा म्हणून व्हिसा-मास्टरकार्डला लेटरहेडवर पत्रं धाडली आणि २०१५ मध्ये अपील कोर्टात त्याच पत्रांवरून अडकले.

म्हणून कंपनीला मेल टाक: कुठलं कलम, कुणाची सही, तारीख काय, नेमकी यूआरएल कोणती? सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालानुसार (२०१५) कंपनीला कोर्टाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना लागते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना देणारा अधिकारी किमान सहसचिव दर्जाचा (तसा नेमलेला नसेल तर संचालक) हवा, पोलिसांकडून असेल तर खास नेमलेला किमान डीआयजी (उपमहानिरीक्षक). पीआयचा (पोलिस निरीक्षकाचा) फोन यात बसत नाही, आमदाराच्या पीएचा तर नाहीच. बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ९४ ची नोटीस आली तर नीट वाच, ती माहिती मागते. पान उतरवा म्हणत नाही.

गोची अशी की कंपनीच्या अटींत "सेवा कधीही बंद करू" असतंच, आणि खासगी कंपनीविरुद्ध हायकोर्टात रिट याचिका सहसा चालत नाही. त्यामुळं मेल टाकायच्या आधी फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घे. लोक उलटं करतात आणि पॅनेलचं लॉगिनच बंद होतं. डोमेन त्याच कंपनीकडं असेल तर तेही हलव. नोंदणीला ६० दिवस झाले नसतील तर ट्रान्सफर होणार नाही, तेव्हा नुसते नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरकडं जातं ती नोंद) बदल. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आण.

आता तुझी बाजू तपास. नकाशा अंदाजानं डकवला असेल तर रेषा पाच-दहा मीटर सरकते, एखादा कोरडा प्लॉट लाल रेषेत जातो आणि तक्रारदाराला खरंच मुद्दा मिळतो. राजाराम बंधारा, शिवाजी पूल असे पक्के बिंदू धरून जुळव. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पूररेषा नकाशाची प्रमाणित प्रत माग, मुदत ३० दिवस. आणि पानाखालच्या कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलेलं "बिल्डरनं पैसे चारले" ते आजच काढ, बदनामीचा दावा त्यावरच लागेल.

सहीचा कागद आलाच, तर मुंबईची वारी नको. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर आहे.