लष्करात पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्याचं काम नेमकं काय असतं? पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन तिकडे जावं का?

मी बरीच वर्षं हे काम केलंय. आधी काम कसं असतं ते सांगते, जायचं की नाही ते मग तुम्हीच ठरवा.

नावात 'पर्यावरण' आहे म्हणून जंगलं, वन्यजीव असलं काही डोक्यात आणू नका. सैनिक पितो ते पाणी, खातो ते अन्न, झोपतो ती जागा, चावणारे डास, डोक्यावरचं ऊन, कानावर आदळणारा आवाज आणि मागे राहणारी घाण, हे सगळं आमच्याकडे येतं. माणूस दवाखान्यात पोचला की तो डॉक्टरांचा. त्याआधी जे काही करता येईल ते आमचं.

सुरुवात बहुतेक वेळा पाण्याने होते. नवीन जागी कॅम्प पडतो तेव्हा तिथलं पाणी किती क्लोरीन 'खाईल' हे कुणालाच माहीत नसतं. पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण आधी क्लोरीन संपवते, उरलेलं क्लोरीन जंतूंशी लढतं. त्यासाठी एक जुनी चाचणी आहे, विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या नावाची. पेटीत एक काळा आणि सहा पांढरे कप असतात. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम, ब्लीचिंग पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालायचं. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी भरायचं आणि काळ्यातलं द्रावण पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा थेंब टाकायचं. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर ते निळं होतं. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसेल तितके चमचे पावडर 455 लिटर पाण्याला लागते. तिसरा कप निळा झाला तर तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम. आता डिजिटल मीटर आले आहेत, तरी ही पेटी मला फार आवडते, कारण शेजारी उभ्या असलेल्या जवानालाही निकाल डोळ्यांनी दिसतो आणि पटतो.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने किंवा गाळणीने साफ करावं लागतं, नाहीतर क्लोरीन कितीही ओता, पुरत नाही. आणि मोजायचं ते टाकीजवळ नाही, शेवटच्या नळावर किंवा जवानाच्या बाटलीत. अर्ध्या तासानंतर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे. टाकीत भरपूर आणि बाटलीत शून्य, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की टाकीच्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही.

उन्हाचंही तसंच. साधा थर्मामीटर इथे फारसा उपयोगी नाही. आम्ही डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) नावाचा निर्देशांक वापरतो. ओल्या बल्बचं, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, तापमान 0.7 ने गुणायचं, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातलं 0.2 ने, सावलीतलं साधं तापमान 0.1 ने, आणि तिन्हींची बेरीज करायची. ओल्या बल्बला एवढं वजन आहे कारण हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ही पद्धत 1950च्या दशकात अमेरिकन मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड इथल्या प्रशिक्षण केंद्रात आकाराला आली, कारण तिथे नव्या भरतीतल्या मुलांना उष्माघात होत होते. आकडा ठरावीक पातळीवर गेला की पाठीवरचं ओझं कमी करायचं, विश्रांती वाढवायची, किंवा धावणं रद्द करायचं.

आता या नोकरीतली खरी अडचण. तुमच्याकडे सल्ला असतो, हुकूम नसतो. धावणं रद्द करणार ते कमांडिंग ऑफिसर. म्हणून त्यांना पटेल असं बोलता येणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. एका सरावाच्या कॅम्पमध्ये संडासाचे चर स्वयंपाकाच्या तंबूच्या अगदी जवळ खणले होते. 'हे नियमात बसत नाही' एवढंच मी म्हटलं असतं तर कमांडिंग ऑफिसरांनी मान हलवली असती आणि विषय संपला असता. मी त्यांना विचारलं, 'सर, परवा पहाटे निघायचंय. माशा चरावरून भातावर बसल्या आणि तोवर निम्मी कंपनी जुलाबाने आडवी झाली, तर बेत कसा पार पडणार?' चर त्याच दुपारी दुसरीकडे हलले.

ही गोष्ट सगळ्यात नीट ओळखली ती दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती जनरल विल्यम स्लिम यांनी. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एक जखमी मागे आणावा लागे तेव्हा आजारी 120 आणावे लागत, त्यात मलेरिया मोठा. त्यावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण सैनिक त्या घेत नव्हते. स्लिम यांनी अचानक तुकड्यांची तपासणी सुरू केली. 95 टक्क्यांहून कमी सैनिकांच्या शरीरात औषध सापडलं तर त्या तुकडीचा कमांडिंग ऑफिसर हटवायचा. तिघांना हटवावं लागलं, मग बाकीच्यांनी धडा घेतला. गोळी डॉक्टरांची असली तरी ती घशाखाली गेली की नाही ही जबाबदारी त्यांनी कमांडरवर टाकली. मच्छरदाणी, लांब बाह्या, हात धुणं, सगळ्याचं असंच आहे.

कुंपणाबाहेरही आपलं देणं असतं, हे मला फार जवळचं वाटतं. ऑक्टोबर 2010 मध्ये हैतीत मिरबालेजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या कॅम्पमधला मैला आर्टिबोनाइट नदीच्या उपनदीत गेला आणि देशात कॉलरा पसरला. सुमारे 10,000 माणसं गेली. डिसेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली. मैला कुठे जातो, टँकरवाला तो कुठे रिकामा करतो, हे स्वतः मागे जाऊन बघायला हवं. कागदावरची ठेकेदाराची सही पुरेशी नाही.

नोंदींचं काम कंटाळवाणं वाटेल, पण ते टाळू नका. अमेरिकेत कॅम्प लजून या मरीन तळावर 1953 ते 1987 या काळात पिण्याच्या पाण्यात औद्योगिक द्रावकं, म्हणजे ग्रीस विरघळवणारी रसायनं, मिसळलेली होती. तिथे राहिलेली कुटुंबं त्यानंतर कित्येक वर्षं कॅन्सरच्या दाव्यांसाठी झगडत राहिली. इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकन तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळायचे, त्या धुराने आजारी झालेल्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेला 2022 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. कोणती तुकडी कुठे होती, हवेत आणि पाण्यात काय होतं, हे त्या दिवशी लिहिलेलं असेल तर वीस वर्षांनी एखाद्या आजारी माणसाच्या हातात पुरावा असतो.

प्रवेशाचं म्हणाल तर ते देशानुसार बदलतं. ब्रिटिश लष्करात पर्यावरण-आरोग्याची मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांना थेट अधिकारी म्हणून घेतात. अमेरिकेत 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग ऑफिसर' असं पद आहे. भारतात मात्र हे काम आर्मी मेडिकल कोअरमधले डॉक्टर करतात, आणि एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी ही त्याची नेहमीची वाट आहे. तेव्हा भारतीय लष्कर डोळ्यांसमोर असेल तर पर्यावरणशास्त्राच्या पदवीवर अवलंबून राहू नका. दुसरीकडे जायचं असेल तर पदवी घेतानाच सूक्ष्मजीवशास्त्र, कीटकशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं करा, आणि एखाद्या नगरपालिकेच्या पाणी किंवा अन्न तपासणी विभागात काही महिने काम करून बघा. शारीरिक चाचणी आणि लष्करी प्रशिक्षण इतर अधिकाऱ्यांसारखंच पार करावं लागतं, त्याची तयारी आजपासून सुरू करा.