देवावर सोडलं, मग हात बांधून बसायचं का?

प्रश्न : रामबागेत आमचं जुनं घर आहे. सासरे गेल्यापासून धाकटे दीर-जाऊ आमच्यावर उठले आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, नेमकं तेव्हाच खालून मोटरचं बटण बंद होतं. वाटणीचा दावा चालू आहे. हे म्हणतात, ‘देव बघतोय, त्याची वेळ आली की होईल.’ मी रोज जप करते, पण मन आत भांडतच असतं. किती थांबू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ताई, यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. गीतेच्या १८व्या अध्यायात, १४व्या श्लोकात, कुठलंही काम घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं! जागा, माणूस, साधनं, खटपट ही चार आपल्याकडची. ती अर्धवट टाकून पाचव्याची वाट बघणाऱ्याला लोक भाविक म्हणतात खरे, पण तो आळसच.

राजवाड्यासमोर ज्यांचा पुतळा आहे त्या अहिल्याबाईंचंच बघा. १७६७मध्ये मुलगा मालेराव गेला, दिवाण गंगाधरपंत उलटले, पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन इंदूरवर निघाले. बाई शिवभक्त, पण नुसत्या पिंडीपुढे बसल्या नाहीत. माधवराव पेशव्यांना लिहिलं, सरदारांकडे मदत मागितली, फौज तुकोजी होळकरांच्या हाती दिली. मग पेशव्यांचा कौल त्यांच्या बाजूने आला.

तुम्ही एक वही करा. डावीकडे ‘माझं’: संपत्ती कराच्या पावत्या, वीजबिलं, वकिलाची पुढची तारीख. उजवीकडे ‘त्याचं’: दिरांचं मन, निकाल कधी लागेल ते. रात्री फक्त डावी बाजू तपासायची. देवाची वेळ कुणाला कळत नाही, कोर्टाची मात्र ठरलेली असते. दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवसच मिळतात, आणि ‘होईल देवाच्या मनात तेव्हा’ म्हणत हेच दिवस हातचे जातात.

जपाचं म्हणाल तर माळा वाढवू नका, एकच करा. १०८ मण्यांना पाच-सहा मिनिटं लागतात. मनातल्या मनात केला की त्याच लयीत जाऊबाईंशी भांडण सुरू होतं, म्हणून ओठांनी, स्वतःला ऐकू येईल असा करा. भांडण आठवलं तर त्याच मण्यावर थांबून नाम पुन्हा घ्या. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. आणि ‘दिवाळीपर्यंत यांना धडा शिकव’ असा नवस नको. देवाला मुदत घातली की मुदत टळल्यावर राग त्याच्यावरच निघतो.

चिडवणाऱ्या बोलण्याला त्याच दिवशी उत्तर देऊ नका. पण कुणी हात उगारला तर माळ बाजूला ठेवून पोलिसांना ११२ फिरवा.

राहिली मोटर. वायरमनला बोलावून वरच्या मजल्यावर वेगळं बटण घेता येईल का ते विचारा, मात्र सामायिक जोडणी असेल तर आधी वकिलांना दाखवून. तोवर पाणी आलं की पहिल्या धारेला दोन ड्रम भरून घ्या.