ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या ९ महिन्यांच्या बाळाला ऑटिझम होणार का, हे आताच कळतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ मिक्सरच्या आवाजाला जीव तोडून रडतं आणि हाक मारली तर वळूनही पाहत नाही. माझ्या मुलीलाही हाच आजार आहे (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होण्याचा जनुकीय आजार), ती आता ७ वर्षांची आहे. मी डॉक्टर नाही, पण या सगळ्यातून गेलेय.

९ महिन्यांच्या बाळाबद्दल खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. या आजारात साधारण ४० ते ५० टक्के मुलांना पुढे ऑटिझम होतो. म्हणजे शक्यता मोठी आहे, पण ठरलेलं काही नाही. ऑटिझमची शंका तपासायची एम-चॅट ही नेहमीची प्रश्नावलीसुद्धा १६ महिन्यांनंतरच वापरतात.

आमच्याकडे हे नागपूरच्या मे महिन्यात लक्षात आलं. कूलर सुरू झाला की हिचं अंग ताठ व्हायचं, मुठी आवळल्या जायच्या. बाळं नव्या आवाजाला दचकतात, पण तोच आवाज रोज आला की त्यांना त्याची सवय होते. हिला ती होतच नव्हती. पंधराव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच रडायची. आणि कूलरच्या ताटीवरून ओघळणारं पाणी मात्र एकटक पाहत राहायची, तेव्हा कितीही हाका मारा, मान वळायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "किती शांत पोर आहे!" मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

पण त्याआधी एक फार महत्त्वाचं. झोपेतून उठल्यावर बाळाची मान एकदम पुढे झुकते का, हात फेकले जातात का, आणि काही सेकंदांनी पुन्हा तसंच, असं लागोपाठ होतं का, ते बघा. ते दचकणं नसतं, इन्फंटाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारे फिटचे झटके, असू शकतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करून घ्या. आम्हाला एका दवाखान्यातून "गॅस झालाय" म्हणून घरी पाठवलं होतं. त्यात तीन आठवडे गेले, ते मला आजही टोचतात. या झटक्यांवर औषध आहे, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

हाकेला वळत नाही म्हणून बेरा ही कानाची तपासणीही करून घ्या, ऐकूच कमी येत असेल तर ते वेगळं प्रकरण.

थेरपीसाठी निदानाची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच वयाच्या मुलांसाठी आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. नागपुरात असाल तर मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा एम्सच्या बालरोग विभागात विचारलंत तर कुठे जायचं ते सांगतील. आमच्या थेरपिस्टबाईंनी शिकवलं होतं, कूलर बंद असताना तिला पाती दाखवायची, मग तिच्याच बोटानं बटण दाबायचं आणि लगेच बंद करायचं. असं रोज दोनदा. पाऊस लागेपर्यंत ती कूलरच्या खोलीत झोपायला लागली होती. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालंच, पण तोवर ती हाकेला वळत होती.

मिक्सरचं तुम्हीही असंच करून बघा, आधी दुसऱ्या खोलीतून.