पोकरमध्ये डीलरची (पानं वाटणाऱ्याची) चूक दिसली, पण आपण डावात नाही, तर बोलावं का?

बोलावं. पानं टेबलावर उघडी पडली आहेत आणि पॉट, म्हणजे डावात जमलेला पैसा, चुकीच्या माणसाकडे चाललाय, तर लगेच बोलावं, डावात असा वा नसा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या ग्रुपमध्ये "पानं टाकली की तोंड बंद" असा नियम सांगतात. दोन वर्षांपूर्वी हेच मला ऐकवलं गेलं आणि त्यापायी पंधरा वर्षांची दोस्ती तुटली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही सांगलीचे. दर शुक्रवारी विश्रामबागेत एकाच्या गच्चीवर डाव बसतो. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि आम्ही सगळे बायकापोरांची, धंद्यापाण्याची माणसं, म्हणून गच्चीवर पैसा चालत नाही. चिंचोके मोजून वाटतो. पैसे लावून खेळायची हौस वर्षातून एकदा गोव्यात.

त्या वर्षी पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर मी आणि माझा हा मित्र एकाच टेबलवर होतो. 100-200 चे ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांनी लावायचे सक्तीचे पैसे. माझी पानं फालतू होती, मी आधीच टाकली होती. डावात राहिले दोघंच, माझा मित्र आणि साठीच्या पुढचे एक काका. काका नवखे होते, ब्लाइंड कधी लावायचा हेसुद्धा दर वेळी शेजाऱ्याला विचारत होते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आणि या सातांतली उत्तम पाच धरायची. फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, राणी, नव्वी, चव्वी. टर्नला, चौथ्या पानाला, दुसरी राणी. रिव्हरला, शेवटच्या पानाला, दुसरी नव्वी. फ्लशचा, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांचा, कुठे संबंध नाही. काकांनी दोन्ही पानं उलटी केली, एक्का आणि पंजी. "माझ्याकडं काय नाही," म्हणाले. मित्रानं सत्तीची जोडी उघडली. डीलर मुलीला हातातली जोडी दिसली, आणि तिनं पॉट त्याच्याकडे ढकलला. 22 हजारांच्या आसपास होता.

आता मोजा. दोन जोड्या टेबलावरच आहेत, राणीची आणि नव्वीची. सत्तीची जोडी तिसरी, ती पाच पानांत बसतच नाही. मित्राचे पाच झाले राणी, राणी, नव्वी, नव्वी, सत्ती. काकांचे राणी, राणी, नव्वी, नव्वी, एक्का. एक्का सत्तीपेक्षा मोठा, म्हणून पॉट काकांचा.

मी म्हणालो, "थांबा, पाच पानं परत वाचा." एवढंच. कोण जिंकलं ते मी बोललो नाही. डीलरचा हात थांबला, तिनं फ्लोअरच्या माणसाला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, बोलावलं, त्यानं दोन्हीकडची पानं बोटानं मोजली आणि पॉट काकांकडे गेला. काकांना का मिळाला ते सांगावं लागलं. मित्र माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "गप की लेका! तू डावात हाईस का?"

परतताना आंबोलीत चहाला थांबलो तर तो गाडीतून उतरला नाही. कोल्हापूर जवळ आल्यावर बोलला. काकांना पानं वाचता येत नाहीत ही काकांची चूक, डीलरला येत नाहीत ही बोटवाल्यांची, आणि दुसऱ्याच्या चुकीवरच पोकरमध्ये पैसा मिळतो, तुझ्या बापाचं काय जात होतं?

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. काका चुकून कॉल करतात (समोरच्याइतके पैसे लावतात), चुकून फोल्ड करतात (पानं टाकतात), त्यावर जरूर कमवा. हातात काही नसताना मोठी बेट लावून त्यांचा एक्का टाकायला लावला असता, तर मी स्वतः त्याच्या पाठीवर थाप मारली असती. ब्लफ हा खेळच आहे. पण शेवटची बेट झाली, पानं उघडली, की खेळ संपला. मग उरतो तो हिशोब. हिशोबात जो गप्प बसून पैसे उचलतो त्याला मी चांगला खेळाडू म्हणत नाही.

आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याची वाळव्याकडे हळद आहे. एका वर्षी मार्केट यार्डात सौदा झाला, वजन झालं, पट्टी हातात आली, आणि हा ती घडी घालून खिशात टाकणार इतक्यात शेजारच्या थप्पीवरचा तोलाईदार म्हणाला, "पाव्हणं, एक पोतं कमी लागलंय बघा." त्या माणसाचा याच्या मालाशी काडीचा संबंध नव्हता. यानं पेढीवर परत जाऊन वही उघडायला लावली आणि एका पोत्याचे पैसे घेऊन आला. ही गोष्ट तो गच्चीवर किती वेळा सांगायचा! तोलाईदार देवमाणूस, म्हणायचा. मग तो तोलाईदार त्या डावात होता का?

टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संस्था 2001 पासून नियम लिहिते, बऱ्याच ठिकाणच्या स्पर्धा त्यावर चालतात. त्यात स्पष्ट आहे की पानं वाचण्यात किंवा पॉट देण्यात चूक होताना दिसली, तर डावात असलेल्या-नसलेल्या कुणीही बोलायला हवं. मुभा आहे असं नाही, बोलायला हवं. तोंडानं काय सांगितलं यावर निकाल नाही, उघड्या पानांवर आहे. काका "काय नाही" म्हणाले म्हणून त्यांचा एक्का गेला नाही.

गप्प कधी बसायचं, तेही ऐका, कारण इथे माझ्यासारखी माणसं जास्त चुकतात. डाव चालू असताना एक अक्षर नाही. "टेबलवर स्ट्रेट दिसतोय" (स्ट्रेट म्हणजे ओळीनं पाच पानं), "मी राणी टाकली होती" असलं बोललात तर तुम्ही कुणाचा तरी डाव खेळताय. आणि एखाद्यानं पानं उघडलीच नाहीत, पालथीच आत सरकवतोय, तर तो जिंकत असला तरी सांगायचं नाही. काकांनी पानं पालथी टाकली असती तर मी गप्प बसलो असतो. दोन्ही पानं उघडी पडली की मगच बोलायचं.

उशीरही करू नका. स्पर्धेत पुढच्या डावासाठी पानं पिसायला घेतली की मागच्या डावात पानं चुकीची वाचली ही तक्रार संपते. वाटण्यात चूक दिसली, एखाद्याला पान जास्त गेलं वगैरे, तर पहिल्या एकदोन बेट पडायच्या आतच सांगा, नंतर बहुतेक वेळा डाव रद्द होत नाही.

डीलरचा अपमान होऊ नये म्हणून कसं बोलावं, हे तुम्ही विचारलंय. "चुकलात" म्हणू नका, "परत वाचा" म्हणा. नाही ऐकलं तर फ्लोअरला बोलवा म्हणा. वाद डीलरशी घालायचा नाही. ती मुलगी तासन्‌तास पानं वाटत असते.

फोनवर शिकलेल्यांना हे सगळं जड जातं, कारण तिथे पानं सॉफ्टवेअर वाचतं. 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. तुम्हीही फोनवरूनच आला असाल, तर सात पानांतून पाच निवडायचा सराव घरी चिंचोक्यांवर करा.

हो, एक राहिलं. वरचे नियम स्पर्धांचे आहेत. कॅश टेबलवर, म्हणजे स्पर्धा नसून थेट पैशांचा डाव असतो तिथे, त्या त्या जागेचा नियम चालतो, बसण्याआधी फ्लोअरला विचारून घ्या. आणि तुमचा ग्रुप मित्रांचाच असेल, तर हे भांडण व्हायच्या आधी एकदा बसून ठरवून टाका. आम्ही ठरवलं नव्हतं.

मित्र शुक्रवारी येत नाही. हे उत्तर मी त्याला पाठवणार आहे. पैशाचं मला काही विचारायचं नाही. आठ वर्षं माझ्यासोबत गच्चीवर खेळलेला माणूस, सत्तीची जोडी उघडली तेव्हा समोर राणी-राणी-नव्वी-नव्वी पडलेली त्याला दिसली होती की नव्हती, एवढंच त्यानं मला सांगावं.