बिऱ्हाड हलवू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या स्पेनच्या सहलीचा एक्सेलचा तक्ता पाहिला. रंग सुरेख दिले आहेस. २६ डिसेंबर ते ७ जानेवारी, बारा रात्री आणि सात गावं: बार्सेलोना, वालेन्सिया, माद्रिद, तोलेदो, ग्रानादा, कोर्दोबा, सेविया. खाली तुझी ओळ: "मॅडम, सगळ्यांची मनं राखायचीत, पण कुठेतरी गडबड वाटतेय." बाबांना बेर्नाबेऊचं फुटबॉलचं मैदान बघायचंय, आईला ग्रानादाचा किल्ला अलहंब्रा, वहिनीला दुकानं, दादाला सुट्टीतही लॅपटॉपसाठी टेबल हवंय. सात वर्षांच्या भाच्याला काय हवंय ते कुणी विचारलेलं दिसत नाही.

गडबड बारा रात्रींना सात बिछाने, ही आहे. बाकी सगळे तपशील तिच्या पोटातले. बिऱ्हाड हलवू नकोस. दोन गावं घे आणि गप्प बस.

हे ऐकून तू लगेच म्हणशील की गाड्या वेगवान आहेत. आहेतच की. माद्रिद ते सेविया अडीच तास, ही गाडी १९९२ पासून धावतेय, आणि तिचं कौतुक तुला मीच वर्गात सांगितलंय. पण गाडीचे अडीच तास म्हणजे प्रवास नव्हे. सकाळी अकरा-बाराला खोली सोडायची, नवी खोली दुपारी तीन-चारशिवाय मिळत नाही. मधल्या वेळात स्टेशनवर सामान यंत्रातून तपासून घ्यायचं, आईला बसायला जागा शोधायची, भाच्याला शी लागते, बाबा पासपोर्ट मोजतात. सात बिछाने म्हणजे अशा सहा बेघर दुपारी. बारा दिवसांतल्या सहा! तुझ्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही.

आणि हे हिवाळ्यात. डिसेंबरअखेरीला तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. नकाशात बघ, स्पेन इंग्लंडच्या खालीच आहे, पण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत १९४० साली घड्याळ तासभर पुढे केलं ते तसंच राहिलं. म्हणून तू जी सकाळी सातची गाडी धरली आहेस ती काळोखातली गाडी आहे. थंडीत, अंधारात, सहा माणसं आणि मला वाटतं निदान आठ डाग. उजेडाचे जेमतेम साडेनऊ तास मिळतात, त्यातले तू बॅगांना देणार?

तारखांचंही बघ. १ जानेवारीला अलहंब्रा लिहिलंयस. अलहंब्रा २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं. ६ जानेवारीला सेवियाचा आल्कासार राजवाडा, तोही त्या दिवशी बंद. २६ डिसेंबरला बार्सेलोनात उतरून वहिनीला दुकानं दाखवणार आहेस, तर त्या दिवशी बार्सेलोनाच्या प्रांतात, कातालोनियात सण असतो, सान्त एस्तेबे. तुला हे माहीत नव्हतं याचा राग नाही. राग याचा आहे की एका जागी चार दिवस असलीस तर बंद दाराचं काहीच वाटत नाही, माणूस उद्या येतो. तुझ्या तक्त्यात उद्या दुसऱ्या गावाला आहे.

आता माझं ऐक. २६ ते ३० माद्रिद, ३० ते ७ सेविया. दोन फ्लॅट, दोन्हीकडे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर कशाला, असं विचारू नकोस. हिवाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक. बाबा पुण्यात पाचला उठतात ना? पहिल्या रात्री ते साडेबाराला टक्क जागे होतील आणि चहा मागतील. हॉटेलच्या खोलीत किटली असेलच असं नाही. चहा पावडर आणि कुकर घेऊन जा. मसूर, छोले, तांदूळ, कांदे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तिथली जेवणं दुपारी दोनला सुरू होतात, रात्रीची नऊला, आणि मधे चार ते आठ बहुतेक स्वयंपाकघरं थंड असतात. आपल्या माणसांना भूक नेमकी साडेसातला लागते. त्या वेळी वरणभात घरात हवा. आणि घर म्हणजे तीन दिवसांनी सोडायचं नसतं ते.

दुपारी मात्र बाहेर जेवा, भरपूर. शाकाहारी आईला घाबरवू नकोस. सेवियात पालक-छोल्यांची भाजी मिळते, १६७० पासून चालू असलेल्या एल रिंकोन्सियो या खाणावळीतसुद्धा ती ठेवतात. कोर्दोबाला तळलेली वांगी, वर काळसर उसाचा पाक. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं थंड दाट सूप, मागवलंस तर हॅमचे तुकडे आणि अंडं नको म्हणून आधी सांग, ते न विचारता वर टाकतात. "आम्ही मांस खात नाही" एवढंच सांगितलंस तर हॅम येईल. हॅमचं नाव घेऊन नको म्हण. उच्चार तुला शिकवलाय.

माद्रिद सहाशे-साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, थंडी कोरडी आणि खरी. तिथे प्रादो चित्रसंग्रहालयात एक अख्खी दुपार घाल. बाबा बेर्नाबेऊला जाऊ देत, तू आईला घेऊन बेलास्केसच्या १६५६ च्या त्या मोठ्या चित्रापुढे उभी राहा, लास मेनिनास. समोर गर्दी असेल. पाच मिनिटांत पाहून बाहेर पडणाऱ्यांची असते. दुसऱ्या दिवशी परत जा. संध्याकाळी सहा ते आठ सोमवार ते शनिवार फुकट आत सोडतात, हे तू कुठेतरी वाचलं असशीलच. परत जाता येणं ही श्रीमंती आहे, आणि ती फक्त बिऱ्हाड न हलवणाऱ्याला मिळते. तोलेदो माद्रिदहून अर्ध्या तासावर आहे. सकाळी जा, संध्याकाळी ये, तिथे रात्र कसली काढतेस!

कोर्दोबाही तसंच, सेवियाहून पाऊण तास. मेस्कीता ७८५ च्या सुमाराला बांधायला घेतलेली मशीद, तिच्या आत साडेआठशेहून जास्त खांब, आणि मधोमध सोळाव्या शतकात उभारलेलं ख्रिस्ती कॅथीड्रल. तिथे माणसाला बोलायला वेळ लागतो. दोन तास तरी दे. मग वांगी. मग गाडी. रात्री आपल्या पलंगावर.

अलहंब्राचं काय, हा तुझा प्रश्न मला पत्र लिहिण्याआधीपासून ऐकू येतोय. मनापासून सांगू? स्पेनमध्ये त्याच्या तोडीचं मी काही पाहिलेलं नाही. मागे सिएरा नेवादाच्या डोंगरांवर बर्फ आणि पुढे तो लाल किल्ला, ते हिवाळ्यातच बघावं. तर मग माद्रिद काप. उतरल्या दिवशी गाडीने ग्रानादा, चार रात्री तिथे, मग सेविया. बाबा बेर्नाबेऊसाठी रुसतील. रुसू देत. दोन म्हणजे दोन, मी तिसरं लिहून देणार नाही. अलहंब्राची तिकिटं नावावर असतात, पासपोर्ट लागतो, त्यातल्या नासरी महालांत शिरायची वेळ ठरलेली असते, आणि सुट्टीच्या दिवसांत ती भराभर संपतात. व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाची कागदपत्रं जोडावी लागतात, तेव्हा आई आणि बाबांचं भांडण अर्जाआधीच होऊन जाऊ दे.

तू म्हणशील, मॅडम हट्टी आहेत. आहे. मी काही वर्षं एका प्रवासी कंपनीच्या गटांबरोबर जात असे, नाव सांगत नाही. सेवियात कॅथीड्रलपाशी एक आजोबा संत्र्याच्या झाडाखाली बाकावर बसले आणि म्हणाले, "मी आता उठत नाही. इथे बरं वाटतंय." बस खोळंबलेली, चालक हातवारे करतोय, ऑफिसातून फोनवर फोन. गटातल्या बायका रागावल्या, कारण पुढे खरेदीचा थांबा होता. मी त्यांना उठवलं नाही. शेजारी जाऊन बसले. खरेदी बुडाली. माझ्याविरुद्ध लेखी तक्रार गेली आणि पुढच्या गटाला दुसरी बाई गेली. त्या तक्रारीत लिहिलं होतं की मार्गदर्शिकेने एका व्यक्तीसाठी तीस जणांचं नुकसान केलं. हिशेबाने बरोबरच आहे. पण मला विचारशील तर तीस जणांतला एकच माणूस त्या दिवशी सेवियाला आला होता. आजही माझं हेच मत आहे आणि हे मत ऐकून कुणाला पटत नाही हेही मला माहीत आहे.

आमच्या घरीही नाही पटलं. सासूबाईंना, ह्यांना आणि मुलाला घेऊन मी डिसेंबरात गेले तेव्हा सेवियाबाहेर एक कोर्दोबा सोडलं तर पाऊल टाकलं नाही. जाऊबाई अजून प्रत्येक लग्नात विचारतात, "स्पेनला जाऊन बार्सेलोना नाही?" नाही. तिथल्या सग्रादा फामिलिया चर्चचं काम १८८२ साली सुरू झालं, मी नाही गेले म्हणून ते थांबलेलं नाही. आमच्या सासूबाई मात्र तिसऱ्या दिवसापासून एकट्या खाली उतरून ब्रेड आणायला लागल्या. स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. दुकानातली बाई त्यांना बघून आपणहून पाव पिशवीत टाकायची. जाऊबाईंच्या युरोप टूरच्या अल्बममध्ये हे आहे का? असो, जाऊबाईंचा विषय निघाला की मी वाहवते.

माझ्या स्वतःच्या आईला मात्र न्यायचं राहिलं. "थंडी सोसणार नाही, उन्हाळ्यात नेऊ" असं म्हणत राहिलो. सेवियात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, हे माहीत असून म्हणत राहिलो. म्हणून तुझ्या आईला हिवाळ्यात नेतेयस याचा मला आनंद आहे, आणि म्हणूनच तिला सात जिने चढवणार आहेस याने माझं डोकं फिरतं.

आईच्या गुडघ्यांसाठी एक गंमत: सेवियाच्या कॅथीड्रलचा हिराल्दा मनोरा उंच आहे, पण आत जवळजवळ वरपर्यंत पायऱ्या नाहीत, पस्तीस उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून तसे केले म्हणतात. एका उतारावर थांबा, खिडकीतून बघा, पुढचा चढा. तासभर लागला तर लागू दे. तुझ्या तक्त्यात हिराल्दाला वीस मिनिटं आहेत.

आणि भाच्याचं. त्याला कुणी विचारलं नाहीस, म्हणून मीच ठरवते. नाताळाआधीपासून ६ जानेवारीपर्यंत तिथे घराघरांत, चर्चमध्ये, दुकानांच्या काचेत बेलेन मांडलेली असतात, येशूजन्माचा देखावा. आपली पोरं दिवाळीत किल्ला करतात तसाच जिव्हाळा: माती, शेवाळ, आरशाचं तळं, विहिरीवर पाणी भरणारी बाई, कोपऱ्यात पावाची भट्टी. सेवियात कॅथीड्रलजवळ त्या बाहुल्यांचा बाजार भरतो, पण तो नाताळाआधीच आटोपतो. रोज एक नवा देखावा शोधू दे त्याला. ३१ ला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची असतात; त्याला लहान, बिनबियांची दे. ५ तारखेच्या संध्याकाळी, बाळ येशूला भेटी आणणाऱ्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि रथांवरून गोळ्यांचा पाऊस पडतो. मुलांना भेटी तिथे ६ ला मिळतात. सेवियातली ही मिरवणूक १९१८ पासून आतेनेओ ही संस्था काढते.

हे मुद्दाम सांगतेय. २०२५ साली पावसाच्या अंदाजामुळे सेवियाने ती एक दिवस आधी, ४ तारखेला काढली. तुझ्या तक्त्यात ५ ला दुपारी सेवियात पोचायचंय. त्या वर्षी असतीस तर रस्त्यावरची चिकट गोळ्यांची कागदं बघायला मिळाली असती. तिथला पाऊस मुख्यतः थंडीच्या दिवसांत पडतो, कधी दोन-दोन दिवस. आठ रात्री असतील तर पावसाला घरी बसून वरणभात खाता येतो.

घर घेताना एक गोष्ट नक्की विचार: हीटिंग आहे का, आणि कुठल्या कुठल्या खोलीत. सेवियाच्या प्रांतातली, आंदालुसियातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, जाड भिंती आणि फरशा. दुपारी बाहेर सोळा अंशांचं ऊन असतं आणि आत पाय गारठतात. तिथली माणसं गोल टेबलाखाली शेगडी ठेवतात, आता विजेची, आणि जाड टेबलक्लॉथ मांडीवर ओढून घेऊन बसतात. तसं टेबल असलेलं घर मिळालं तर दुसरं काही बघू नकोस, तेच घे. आईला लोकरीचे मोजे आणि घरात घालायच्या सपाता. रस्त्यावरची संत्री भाच्याने तोडली तर रागावू नकोस, ती कडू असतात, एक चावा घेतला की तो आपणच थांबेल.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव. दोनाहून जास्त रंग दिसले तर मी तो उघडणार नाही, आणि दादाला माझा फोन लावायला सांगू नकोस, मी त्यालाही हेच सांगेन.

तुझी,
मॅडम