सी भाषेतली वाढती स्ट्रिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अहवालाच्या ओळी स्ट्रकॅटने (एका स्ट्रिंगच्या शेवटी दुसरी जोडणाऱ्या फंक्शनने) जोडत जातो. ओळी वाढल्या की प्रोग्रॅम मंदावतो आणि कधी कधी कोसळतो. का?

दोन्हींचं मूळ एकच आहे. स्ट्रकॅटला स्ट्रिंगची लांबीही माहीत नसते आणि बफरची, म्हणजे ती ठेवलेल्या मेमरीतल्या जागेची, क्षमताही. त्यामुळे दर वेळी ते पहिल्या अक्षरापासून स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट शोधत जातं. दहा-दहा बाइटचे 10,000 तुकडे जोडले, तर नुसता शेवट शोधण्यात सुमारे 50 कोटी बाइट चाळले जातात. जागा संपली तरी ते लिहीतच राहतं.

पॉइंटर (बफरचा पत्ता), लांबी आणि क्षमता या तिन्ही गोष्टी एका स्ट्रक्टमध्ये ठेवा. जोडणारं फंक्शनही एकच असू द्या. त्यात आधी लांबी, नवा तुकडा आणि वर 1 एवढी जागा आहे का ते पाहायचं, नसेल तर वाढवायची, मग मेमकॉपीने (दिलेले बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने) थेट शेवटी लिहून शून्य बाइट टाकायचा. तो वरचा 1 याच शून्य बाइटसाठी असतो, आणि हमखास विसरतो तोही तोच.

प्रश्न: बफरमध्ये मजकूर लिहिणाऱ्या एसप्रिंटएफऐवजी सगळीकडे जागेची मर्यादा घेणारं एसएनप्रिंटएफ घातलं. पुढचं लिखाण जिथून सुरू करायचं त्या 'स्थान'मध्ये परत आलेला आकडा दर वेळी मिळवतो आणि आकारातून 'स्थान' वजा करून उरलेली जागा देतो. तरी मेमरी बिघडते.

एसएनप्रिंटएफ 'किती लिहिलं' ते सांगत नाही. 'जागा पुरली असती तर किती लिहिलं असतं' ते सांगतं, तेही शून्य बाइट सोडून. समजा बफर 64 बाइटचा आहे, स्थान 50 आहे आणि मजकूर 30 अक्षरांचा. बफरमध्ये 13 अक्षरं आणि शून्य बाइट बसतात, परत मात्र 30 येतं. स्थान झालं 80. पुढच्या फेरीत 64 वजा 80. आकारांसाठीचा साइझ-टी हा प्रकार अनसाइन्ड, म्हणजे उणे न होणारा, असल्यामुळे उत्तर उणे 16 येत नाही, अवाढव्य आकडा येतो. मर्यादा नावालाच उरते आणि लिखाण बफरच्या 16 बाइट पलीकडे सुरू होतं.

म्हणून आकडा मिळवण्याआधी तपासा: उणे असेल तर चूक झाली, उरलेल्या जागेइतका किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला. कापलेला चालणार नसेल तर आधी नल पॉइंटर आणि आकार 0 देऊन लांबी काढा, एक बाइट जास्तीची जागा घ्या आणि पुन्हा बोलवा. सी99 पासून हे प्रमाणित आहे. मात्र व्हीए-लिस्ट (फंक्शनला दिलेल्या कमी-जास्त अर्ग्युमेंट्सची यादी) एकदा वापरली की संपली, दुसऱ्या फेरीसाठी व्हीए-कॉपीने आधीच प्रत काढून ठेवावी लागते.

प्रश्न: रिअ‍ॅलॉकने दर वेळी बफरची जागा किती वाढवावी?

दुप्पट. 64 बाइटपासून 10,48,576 बाइटपर्यंत जायला 14 वेळा वाढवावं लागतं. 64-64 ने गेलात तर 16,383 वेळा.

रिअ‍ॅलॉकचं उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये कधीही घेऊ नका. मेमरी मिळाली नाही तर नल परत येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता तुम्ही पुसून बसता. तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग बदला. वाढवताना ब्लॉक दुसऱ्या जागी हलला की त्याच्या आत रोखलेले जुने पॉइंटर निकामी होतात, म्हणून पॉइंटरऐवजी सुरुवातीपासूनचं अंतर जपून ठेवा.

प्रश्न: ठरावीक मर्यादेपर्यंतच कॉपी करणारं स्ट्रएनकॉपी सुरक्षित ना?

नाही. स्रोत मर्यादेइतका किंवा मोठा असेल तर ते शून्य बाइट टाकतच नाही.

प्रश्न: एवढं स्वतः लिहिण्यापेक्षा तयार काही आहे?

एकदाच बनणाऱ्या स्ट्रिंगसाठी जीएनयू आणि बीएसडी प्रणालींवर लागेल तेवढी जागा स्वतः घेणारं एएसप्रिंटएफ उत्तम. ते उणे 1 परत देईल तेव्हा पॉइंटरवर विसंबू नका. तुकड्यातुकड्याने बनवायची असेल तर पॉसिक्स 2008 या प्रमाणातलं, मेमरीत फाइलसारखं लिहू देणारं ओपन-मेमस्ट्रीम घ्या: एफप्रिंटएफने लिहीत जा, एफक्लोजनंतर पॉइंटर आणि लांबी वापरा, शेवटी फ्री करा. एफफ्लश किंवा एफक्लोज करण्याआधी त्या दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही.